उपकारस्तुती ठेवली आहे

मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप वर्षभर फिरत असतो. 'प्रभूच्या कृपेने अमुक झाले. त्याबद्दल शनिवारी सायंकाळी ७ वाजता राहत्या घरी उपकारस्तुतीची भक्ती ठेवली आहे. सहकुटुंब येणे.' अमुकच्या जागी काहीही येतं. नवा फ्लॅट, बारावीचा निकाल, पित्ताशयातले खडे सुखरूप निघाले, मुलीचं लग्न ठरलं, अडकलेली पेन्शन सुरू झाली. आमच्या नात्यात एकांनी बोअरला पाणी लागलं म्हणून भक्ती ठेवली होती. आलेल्या प्रत्येकाला दारातच त्या बोअरचं पाणी प्यायला दिलं. पाणी मचूळ होतं. सगळ्यांनी गोड आहे म्हणून सांगितलं.

पहिल्यांदा येणाऱ्याला हा प्रकार सत्यनारायणासारखा वाटतो आणि बैठकीपुरतं ते खरंही आहे. सोफा भिंतीला सरकवायचा, सतरंज्या अंथरायच्या, गुडघेदुखीवाल्यांसाठी शेजारून प्लास्टिकच्या खुर्च्या आणायच्या. पेटी, तबला, तबला नसेल तर ढोलकी. 'उपासना संगीत'मधली गीतं. क्रमांक पुकारला की म्हाताऱ्या माणसांना पुस्तक उघडावं लागत नाही. मग शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा, पाळकसाहेबांचा, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचा, संदेश, साक्षी, प्रार्थना, मध्येच अर्पणाची थैली, शेवटी आशीर्वाद. त्यानंतर चहा, समोसा, वेफर्स, पेढा. संदेश लांबला की आत समोसे गार होतात आणि घरच्या बाईची नजर घड्याळाकडे जाते. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर उपकारस्तुतीपैकी फारसं काही उरलेलं नसतं.

मी वाढले नगरला. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडातून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकी मिशनऱ्यांच्या संस्थेची माणसं १८१३ साली मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला पोचली. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरातच सुरू झालं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण जिथे घेतलं ती मिस फॅरारबाईंची शाळाही इथलीच. या गोष्टी आम्हाला शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, इतक्या वेळा सांगितल्या गेल्या की त्यांचं अप्रूप वाटेनासं झालं. अप्रूप वाटायला लागलं ते नोकरीसाठी पुण्यात आल्यावर, जेव्हा सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी आमच्या घरातलं गाणं ऐकून विचारलं, "तुमच्याकडे भजन असतं का?"

असतं. नारायण वामन टिळकांची गीतं गाताना ते भजनच असतं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कोकणातला कवी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगे, आणि त्याने त्या पुलावरून पलीकडे बरंच काही वाहून आणलं: अभंग, ओव्या, देवाला माउली म्हणण्याची रीत, कीर्तनाची ओढ. मिशनऱ्यांनी आणलेली विलायती चालींची गीतंही आम्ही गातो, पण त्या वेळी खोलीतले अर्धे लोक चालीच्या मागे धावत असतात. टिळकांचा अभंग सुरू झाला की पेटी आपोआप मोकळी होते. आमच्या वरच्या मजल्यावरचे माळकरी काका मागच्या भक्तीला दारात येऊन उभे राहिले, मग आत येऊन बसले, आणि दुसऱ्या कडव्यापासून त्यांनी टाळी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. निघताना म्हणाले, "पुढच्या वेळी टाळ घेऊन येतो." काकूंनी त्यांना जिन्यात काय ऐकवलं ते मला माहीत नाही.

बँकेतल्या मैत्रिणीने एकदा मला नीट विचारलं होतं. देवाचे आभार मानायचे तर मनात मानावेत, त्यासाठी पन्नास माणसं कशाला बोलवायची? प्रश्न चांगला होता. तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. आता तिने विचारलं तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, १७व्या अध्यायातली गोष्ट सांगेन. येशूकडून दहा कुष्ठरोगी बरे होतात, नऊ आपापल्या वाटेने जातात. ते कृतघ्न होते असं मला वाटत नाही. बायकामुलांना कधी बघतो असं त्यांना झालं असेल, आणि मनातून त्यांनी देवाला हजार वेळा हात जोडले असतील. परत फिरतो तो एकटा, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. आणि तो येतो तो मोठ्याने ओरडत. कुष्ठरोग्याला त्या काळी रस्त्यात एकच गोष्ट ओरडायची परवानगी होती: मी अशुद्ध आहे, दूर व्हा. त्याच गळ्यातून आता स्तुती निघते आणि रस्त्यावरचे सगळे ऐकतात. मनातल्या मनात मानलेल्या आभारांनी माणूस वस्तीत परत येत नाही.

रोजच्या जगण्यात मात्र ही भक्ती जरा अडचणीचीच. जेवणाआधी डोळे मिटायचे हे आम्हाला दूधभाताच्या वयापासून अंगवळणी पडलेलं. बँकेच्या कॅन्टीनमध्ये मी डबा उघडून डोळे मिटले की नवीन कोणीतरी हमखास विचारतं, "डोकं दुखतंय का गं?" सारसबागेत भेळ खाताना प्रार्थना करायची की नाही यावर माझं आणि माझ्या नवऱ्याचं एकमत नाही. त्याच्या मते भेळ म्हणजे जेवण नव्हे. आईच्या मते तोंडात जे जातं त्याला प्रार्थना लागते, आणि उभ्याने खायच्या गोष्टीला तर जास्तच.

आईची संध्याकाळची प्रार्थना हा वेगळाच विषय आहे. घरची सगळी माणसं जमेपर्यंत ती थांबते आणि मग सुरू करते. नळाला आज पाणी आलं. सिलिंडर दोन दिवस आधीच मिळाला. समोरच्या कुलकर्णी काकूंचा गुडघा थोडा बरा आहे. एसटीत बसायला जागा मिळाली. मग राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, तुरुंगातले कैदी, सीमेवरचे जवान, घाटात गाडी चालवणारे सगळे ड्रायव्हर. लहानपणी ही यादी मला असह्य व्हायची. टीव्हीवरची मालिका बुडायची. आता लक्षात येतं की तिच्या यादीत ढोबळ काहीच नसतं. 'सर्व आशीर्वादांबद्दल' असं ती कधी म्हणत नाही. पाणी म्हणजे आजचं पाणी, गुडघा म्हणजे कुलकर्णी काकूंचा उजवा गुडघा. संध्याकाळी नाव घेऊन सांगायचं असेल तर दिवसभर बघत राहावं लागतं, आणि ती बघत असते. गल्लीत कोणाकडे दोन दिवस दूध आलेलं नाही हे आईला सगळ्यांच्या आधी कळतं.

आता जरा अवघड गोष्ट. आम्ही ख्रिस्ती झालो ते पोटासाठी, हा टोमणा नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक ख्रिस्ती पोराने शाळेच्या मैदानावर कधी ना कधी ऐकलेला असतो. माझे पूर्वज गावकुसाबाहेरचे. १८७६ ते ७८च्या दुष्काळात आणि पुन्हा शतक संपताना त्या वस्त्यांमधली माणसं मिशनच्या दारात गेली, तिथे अन्न मिळालं, पोरांना पाटी मिळाली, आणि पुढे कितीतरी घरं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आली. माझे आजोबा या टोमण्यावर चिडायचे. त्यांची पिढी आपल्या विश्वासाचा खरेपणा सिद्ध करण्यात दमली. मला वाटतं, पोटासाठी तर पोटासाठी. ज्या माणसाला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला कोणीतरी ताटाजवळ बसवून वाढलं, आणि त्या वाढणाऱ्यात त्याला देव दिसला, यात लाजण्यासारखं काय आहे? प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आधी येते आणि ऋणं, म्हणजे पापं, सोडण्याची विनंती तिच्यानंतर. पोट भरलेल्यांनी केलेली प्रार्थना असती तर क्रम कदाचित उलटा लागला असता.

मात्र मिशनच्या उपकाराला दुसरीही बाजू होती. साहेबाच्या बंगल्यासमोर टोपी काढून उभं राहण्याची सवय लागली, देवाचे आभार आणि साहेबाचे आभार यांची गल्लत झाली. स्वतः टिळकांनी शेवटच्या काळात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा काढला तो या मिंधेपणातून बाहेर पडण्यासाठीच. दोनच वर्षांनी ते गेले. तो दरबार फार चालला नाही, पण त्यामागची अस्वस्थता मला आजही चर्चचा कारभार बघणाऱ्या कुठल्याही पंचकमिटीच्या सभेत जाणवते.

आमच्या गावाकडच्या मंडळीत, नेवासे तालुक्यात, पिकं निघाली की सुगीची उपकारस्तुती असते. बोलताना सगळे हार्वेस्टच म्हणतात. उत्तर भारताची मंडळी, म्हणजे बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चांची मिळून झालेली सीएनआय, १९७० साली नागपुरात एकत्र झाली, त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही चाल. मुंबईच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतात. आमच्याकडे भात कुठला, बाजरी आणि ज्वारी. वेदीपाशी बाजरीची रास, कणसं, भोपळे, लोणच्याच्या बरण्या, अंडी, नारळ, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या, ज्या नेमक्या प्रार्थनेच्या वेळी ओरडतात.

आई शाळकरी होती तेव्हा १९७२चा दुष्काळ पडला. आजोबा शाळामास्तर, म्हणून घरात पगार तरी होता. मंडळीतली बाकी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. शेतात काही नव्हतं. पंचांनी ठरवलं, यंदा हार्वेस्ट नको, वेदीवर ठेवणार काय? पाळकांनी ऐकलं नाही. त्या रविवारी माणसं आली ती रेशनवरचा लाल मिलो घेऊन. कोणी ओंजळभर, कोणी वाटीभर. एका बाईने सुकडीची पुडी ठेवली. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी, जिच्या भाकरीला चव नाही म्हणून सगळे रोज शिव्या देत, तीच वेदीपुढे रास होऊन बसली. पाळकांनी बायबलमधला हबक्कूक संदेष्टा वाचला: अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आई सांगते की मागे बसलेला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "गुरं नाहीत हे बरोबर लिहिलंय." आणि लोक हसले. उपासनेत, दुष्काळात, हसले. मिलोचा लिलाव झाला नाही. ज्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नव्हती त्यांना तो नेऊन दिला.

एरवी वेदीवर आलेल्या वस्तूंचा लिलाव हाच खरा सोहळा. चार आण्यांपासून सुरुवात व्हायची, आता शंभरापासून होते. नारळ हजाराला जातो. पुण्यामुंबईहून आलेले चाकरमाने चढाओढ करतात, त्यात दिखावा असतो, मंडळीतली जुनी भांडणंही असतात. ज्याच्याशी जमिनीचा वाद आहे त्याच्या भोपळ्यावर कोणी बोली लावत नाही. पण एखाद्या विधवा म्हातारीने आणलेली चार अंडी आली की सगळा हॉल बोलायला लागतो. ती अंडी घेण्याचा मान मिळावा म्हणून धडपडणारे लोक मी पाहिलेत. म्हातारी मान खाली घालून बसते, पण आकडा कानांनी टिपत असते. त्या दिवशी ती मंडळीची देणेकरी नसते, देणगीदार असते.

माझी अडचण होते ती साक्षींच्या वेळी. साक्ष म्हणजे उठून उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. काही वर्षांपूर्वी एका भक्तीत एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचा मुलगा ज्या जीपमध्ये होता तिला अपघात झाला, आणि मुलगा खरचटण्यावर वाचला. ते सद्गदित होऊन सांगत होते की बाकीच्यांची काय अवस्था झाली, पण प्रभूने माझ्या लेकरावर हात ठेवला. त्याच जीपमध्ये वारलेल्या एका मुलाची आई त्याच सतरंजीवर, दोन ओळी मागे बसली होती. ते तिला विसरले होते, असं म्हणणं बरोबर नाही. आनंदात माणसाला मागे वळून बघायचं सुचत नाही, एवढंच.

शुभवर्तमानात आभाराच्या शब्दांनी सुरू होणारी एक प्रार्थना आहे, जी देवाने स्वीकारली नाही. लूकचा १८वा अध्याय. परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, आणि मागे उभ्या असलेल्या जकातदारासारखा तर नाहीच. वाईट माणूस नव्हता तो. उपास करायचा, दशांश द्यायचा. मला ही गोष्ट लहानपणी ढोंग्याची वाटायची. आता ती आमच्या बऱ्याचशा साक्षींची वाटते. माझ्या मुलाला नोकरी लागली, दोनशे जण होते, त्यातून याचीच निवड. आमच्या इमारतीत सगळ्यांना करोना झाला, आमच्याकडे कोणाला नाही. प्रत्येक वाक्यात कोणीतरी मागे उभा आहे, आणि आपले आभार त्याच्या डोक्यावर पाय देऊन उभे आहेत. आम्ही प्रोटेस्टंट लोक वांद्र्याच्या मतमाउलीला मेणाचे हात, पाय आणि घरं वाहणाऱ्यांना हसतो, हा नवसाचा व्यवहार आहे म्हणतो. पण मेणाचं घर वाहणारी बाई निदान उघडपणे मागते. आमच्या काही साक्षींत जमाखर्च तोच असतो, फक्त वही झाकलेली.

प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलं, 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.' हे वचन आमच्या घरात चौकटीत लावलेलं आहे, आणि पप्पांच्या आजारपणात त्या चौकटीकडे मला बघवत नसे. दीर्घ आजार, शेवटी शेवटी त्यांना आम्ही ओळखू येत नव्हतो. गेल्यानंतर वर्षाने, रिवाजाप्रमाणे, त्यांच्या स्मरणार्थ उपकारस्तुती ठेवली. मला वाटलं होतं की आई आजारपणात देवाने दिलेल्या बळाबद्दल वगैरे बोलेल, पाळकसाहेबही त्याच दिशेने नेत होते. आई उभी राहिली आणि म्हणाली, यांनी कॉलनीतले सगळे पंखे फुकट दुरुस्त केले. यांना पुरणपोळी आवडायची पण कधी मागितली नाही. यांनी माझ्या आईला शेवटची तीन वर्षं सांभाळली. मग बसली. आजाराचं नावही काढलं नाही. त्याबद्दल तिने आभार मानले नाहीत, आणि मानायला हवेत असं तिला वाटतही नव्हतं. आजारपण होतं, आणि त्यातही पंखे होते, पुरणपोळी होती.

पंडिता रमाबाईंचा विचार मी या संदर्भात पुष्कळदा करते. १८७४च्या सुमारास दक्षिणेतल्या भटकंतीत दुष्काळाने त्यांचे आईवडील गेले, मग थोरली बहीण. १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. या बाईने कशाबद्दल आभार मानावेत? त्यांनी जे केलं ते असं: १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिथे गेल्या आणि उपाशी मुली, बायका गोळा करून केडगावला, आपल्या पुढच्या 'मुक्ती' आश्रमाच्या जागी, घेऊन आल्या. ज्या भुकेने आपली माणसं नेली तिच्याच दारात परत जाण्यासाठी काय लागत असेल? एका पोटातून भूक गेली की माणूस सहसा तिच्याकडे पाठ फिरवतो. रमाबाईंनी केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. बायबल छापून पुरं झालं १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यात. केडगावला गेलात तर भाषणं ऐकू नका, स्वयंपाकघर बघा.

जीपच्या अपघातात मुलगा गमावलेल्या त्या बाईंचं पुढे काय झालं, तर त्या भक्तीनंतर त्या बरेच महिने मंडळीत आल्या नाहीत. त्यांना समजवायला कोणी गेलं नाही, गेलं असतं तर त्यांनी दार उघडलं नसतं. पाळकीणबाई फक्त दर शुक्रवारी त्यांच्याकडे मेथी निवडायला जाऊन बसत, स्वतःची मेथी घेऊन. पुढच्या हार्वेस्टला त्या आल्या आणि एका काळ्या कोंबडीवरून त्यांनी लिलाव पुकारणाऱ्याशी कडाक्याचं भांडण केलं, कारण त्यांची बोली त्याने ऐकली नव्हती. कोंबडी त्यांनाच मिळाली. साक्षीला त्या अजूनही उभ्या राहत नाहीत. कोणी आग्रहही करत नाही.

सध्या आमच्या घरात एका भक्तीवरून खलबत चाललं आहे. माझ्या भाच्याचा, म्हणजे भावाच्या मुलाचा, 'नीट'चा निकाल लागला आणि दुसऱ्यांदाही प्रवेशापुरते मार्क पडले नाहीत. आई म्हणाली, या शनिवारी उपकारस्तुती ठेवा. वहिनीला ते पटेना.

"कशाबद्दल म्हणून ठेवायची, आई? लोक विचारतील ना."

"पोरगं जेवतंय, झोपतंय, आपल्याशी बोलतंय. पेपरात काय काय येतं ते वाचत नाहीस का तू?"

वहिनी गप्प झाली. मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "ठेवा. ढोलकी मी वाजवीन. साक्षबिक्ष देणार नाही. आणि मार्क विचारणाऱ्या मामांना बोलवायचं नाही."

पहिल्या दोन अटी आईने लगेच मान्य केल्या. मामांना वगळून भक्ती होऊ शकत नाही असं तिचं म्हणणं आहे, आणि त्यावर अजून वाद चालू आहे.